8 मेच्या रात्री कराची कोणासाठी पडली?

तळटीप

8 मे 2025 ची रात्र आठवून बघा. आपल्या बऱ्याच वृत्तवाहिन्यांवर कराची बंदर पेटलेलं होतं, आयएनएस विक्रांतने मारा केला होता, आपलं सैन्य इस्लामाबादेत शिरलं होतं आणि पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुनीर यांना अटक झाली होती. सकाळी यातलं काहीही घडलेलं नव्हतं. कराचीच्या आगीचं म्हणून जे दृश्य फिरलं त्यातलं एक जानेवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला पडलेल्या विमानाचं निघालं.

तीन दिवसांनी, 11 मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं, की नौदल कराचीसह समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायच्या तयारीत उभं होतं. तयारीत! म्हणजे मारा झालेला नव्हता, हे खुद्द नौदलाकडून आलं. तरी माझ्या ओळखीतले निदान काही लोक आजही 'झालं होतं हो, सांगत नाहीत' असं म्हणतात.

माझा मुद्दा साधा आहे. या बातम्यांनी फसलं कोण? कराचीतल्या माणसाला खिडकीतून बंदर दिसत होतं. पाकिस्तानी लष्कराला आपला प्रमुख कुठे आहे ते ठाऊक होतं. आपल्या सैन्यदलांनाही सगळं ठाऊक होतं. उरलो आपण. शत्रूला चकवणं समजू शकतो, पण इथे शत्रू सोडून फक्त घरचे चकले.

आणि त्याची वसुली लगेच झाली. 10 मेच्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी यांनी शस्त्रसंधी जाहीर केली. ज्याने दोन रात्री आधी इस्लामाबाद 'जिंकलं' होतं, त्याला ही गद्दारी वाटणार नाही तर काय? मिसरींना आणि त्यांच्या कुटुंबाला इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की त्यांनी एक्सवरचं खातं कुलूपबंद केलं. निर्णय सरकारचा, सांगणारा एक अधिकारी, आणि राग त्याच्यावर. हा राग कोणी तयार केला?

बाणकोट

लेख छान, पण एकतर्फी. पहलगामला 26 माणसं मारली गेली, धर्म विचारून मारली. त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्यानंतर देश लढत असताना टीव्हीवाल्याने हातात तराजू घेऊन बसायचं, ही अपेक्षा फक्त आपल्याकडूनच का?

समोरचा काय करत होता बघा. पाकिस्तानने 2024 च्या फेब्रुवारीपासून एक्स बंद ठेवलं होतं. ते उघडलं कधी? 7 मेला, ज्या दिवशी आपण ऑपरेशन सिंदूर केलं त्याच दिवशी. योगायोग म्हणायचा का? व्हिडिओ गेममधली दृश्यं विमानं पाडल्याचे पुरावे म्हणून फिरवली. त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार तर एका बनावट इंग्रजी वर्तमानपत्राचं पान खरं मानून संसदेत हवाई दलाची तारीफ वाचून मोकळे झाले.

युद्धात खोटं बोलणं हे आपणच शोधलेलं नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणारा साक्षात धर्मराज होता.

तळटीप

बाणकोट, दाखला तुम्हीच दिलात म्हणून. अश्वत्थामा गेला, हे द्रोणाचार्यांच्या कानावर घातलं होतं. पांडवांच्या छावणीत रात्रभर भोंगा लावून 'दुर्योधन पकडला, हस्तिनापूर पडलं' असं कोणी सांगत बसलं नव्हतं.

आणि दारांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते पान बनावट आहे हे पाकिस्तानातल्याच डॉन या दैनिकाने छापलं. स्वतःच्याच देशाच्या उपपंतप्रधानाला खोडून, युद्ध संपून आठवडाही झाला नसताना. मला हेवा वाटला तो याचा.

न्यूजरूमवाली

एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, नाव घेत नाही. 'प्रपोगंडा' म्हटलं की लोकांना वाटतं दिल्लीतून कोणीतरी फोन करतं आणि मग पट्टी चालते. काही वेळा फोन येतही असतील. पण त्या रात्रीसारख्या रात्री फोनची गरजच पडत नाही.

होतं असं. असाइनमेंटच्या ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड टाकतो. रिपोर्टर म्हणतो, कन्फर्म करतोय. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या दहा स्क्रीनपैकी एका हिंदी वाहिनीवर तीच ओळ लाल पट्टीत येते. आता आउटपुट हेड ओरडतो, 'त्यांच्याकडे चाललंय, आपल्याकडे का नाही? सूत्रांच्या हवाल्याने लाव.' आपण लावली की तिसरी वाहिनी आपल्याला बघून लावते. दहा मिनिटांत सगळ्या भिंतीवर एकच बातमी असते आणि 'सगळे दाखवतायत म्हणजे काहीतरी असणार' हेच कन्फर्मेशन ठरतं. मूळ फॉरवर्ड कोणी टाकलं ते पुन्हा कोणी विचारत नाही.

व्हिज्युअल नसलं की मागचं कुठलंही रात्रीचं स्फोटाचं फुटेज लूपवर, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रातिनिधिक', आणि वरून सायरन. त्या सायरनचं तर इतकं झालं की 10 मेला केंद्रीय गृहखात्याला सांगावं लागलं, कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका. 7 तारखेला आपल्याकडे मॉक ड्रिल झाली होती. माझी आई दुसऱ्या दिवशी टीव्हीतला भोंगा खरा समजून घरातले दिवे घालवून बसली.

थोडक्यात, हुकूम नव्हता. कोणी मागे राहायला तयार नव्हतं.

आडकित्ता

डेस्कवरच्या बाईंनी जबाबदारी छान वाटून टाकली. सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. चूक अंगाशी येणार नाही ही खात्री असते म्हणूनच कोणी मागे राहत नाही, आणि ती खात्री देणारा कोणीतरी असतोच.

शिवाय एक. हा धागा लवकरच 'विदेशी माध्यमं बघा, किती संयत' या वळणावर जाईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ऑक्टोबर 1990 मध्ये अमेरिकी खासदारांपुढे एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं, इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधली बाळं काढून फरशीवर टाकली. सगळ्या जगाने दाखवलं, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भाषणांत सांगितलं, आखाती युद्ध झालं. 1992 मध्ये बाहेर आलं की मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची, आणि साक्षीची सगळी जुळवाजुळव एका जनसंपर्क कंपनीची. 2003 मध्ये इराककडच्या संहारक अस्त्रांचं तेच. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या बातम्या कमी पडल्याचं 2004 च्या मे महिन्यात छापलं. तोवर बगदाद पडून वर्ष उलटलं होतं.

गोऱ्यांचा खोटेपणा इस्त्रीचा असतो, आपला चुरगळलेला. एवढाच फरक.

शेवटचं बाकडं

आडकित्ता, याच्याही मागे जाऊ. 1917 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी छापलं की जर्मन लोक आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं, सगळ्यांनी विश्वास ठेवला. 1925 मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना संसदेत मान्य करावं लागलं की त्यात तथ्य नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर ठीक. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून गॅस चेंबरच्या बातम्या लंडनला पोचायला लागल्या, तेव्हा 1943 मध्ये ब्रिटिश गुप्तचर समितीच्या अध्यक्षांनीच शंका काढली. म्हणाले, हे मागच्या युद्धातल्या चरबीच्या गोष्टीसारखं वाटतंय. या वेळी बातमी खरी होती. माणसं खरोखर मारली जात होती आणि ऐकणाऱ्याचा विश्वास आधीच्या युद्धात खर्च झालेला होता.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती झालीच. नूर खान, भोलारी या हवाई तळांवर आपण केलेला मारा उपग्रह छायाचित्रांत दिसला, परदेशी वृत्तपत्रांनीही तो मान्य केला. पण ज्यांनी 8 तारखेची रात्र पाहिली होती ते बाहेरचे लोक आधी हसले आणि मग छायाचित्रं बघायला गेले. खरं यश विकायला आपल्याच वाहिन्यांनी अवघड करून ठेवलं.

दुबईकर

वरच्याला पुष्टी. आमच्या ऑफिसात कराचीची दोन मुलं आहेत. बंदर पेटल्याची बातमी आली तेव्हा एकाने माझ्यासमोरच घरी फोन लावला. आई म्हणाली, दिवे गेलेत पण ते रोजच जातात. नंतरचा सगळा आठवडा मी काही सांगायला तोंड उघडलं की तो नुसता हसायचा. त्यांच्या टीव्हीवर कोणत्या थापा चालल्यात हे मला दाखवायचं होतं, पण सोय राहिली नाही.

निवृत्त फौजी, सातारा

सिव्हिलियन मंडळी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतायत.

पहिली, माहिती रोखणं. ती रोखलीच पाहिजे. 26/11 ला ताज आणि नरिमन हाउसबाहेर कॅमेरे लावून कमांडो कुठून शिरतायत ते थेट दाखवलं, आणि पाकिस्तानात बसलेले लोक तेच बघून फोनवरून आत सूचना देत होते. कसाबच्या निकालात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरून वाहिन्यांना चांगलंच झोडलं आहे. त्यामुळे 26 एप्रिलला सरकारने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण बंद करायला सांगितलं ते शंभर टक्के बरोबर.

दुसरी, खोटी माहिती भरणं. याने आम्हाला कवडीचा उपयोग नाही. संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांनी 31 मेला सिंगापुरात सांगितलं की सैन्यदलांचा सुमारे 15 टक्के वेळ खोट्या बातम्या खोडण्यात गेला. लढाई चालू असताना!

आता बाणकोट यांना आवडणार नाही ते. त्याच सिंगापुरात आपली विमानं पडल्याचं पहिल्यांदा उघड मान्य झालं. पाकिस्तानचा सहाचा दावा त्यांनी साफ खोटा ठरवला, पण तोवर तीन आठवडे गेले होते. कारगिलला असं नव्हतं. 27 मे 1999 ला मिग-21 आणि मिग-27 गेली, दुसऱ्या दिवशी एमआय-17 हेलिकॉप्टर गेलं. लागलीच सांगितलं. देश खचला का? उलट लोक जास्त घट्ट उभे राहिले. पाकिस्तानने मात्र आपले सैनिक तिथे नाहीतच म्हणून प्रेतं घ्यायला नकार दिला. त्यांच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची पोरं आम्ही पुरली. 2010 मध्ये त्यांच्या लष्कराच्या संकेतस्थळावर 453 नावं आली. अकरा वर्षं त्या आयांना पोरगं कुठे मेलं ते सरकारने सांगितलं नव्हतं. स्वतःच्या लोकांशी खोटं बोलायचं ठरवलं की ते इथवर जातं.

बाणकोट

फौजींचा मान राखून. कारगिलला मोबाइल नव्हता, एक्स नव्हतं, दर मिनिटाला शंभर बनावट व्हिडिओ पडत नव्हते. तेव्हा पाकिस्तानची सरकारी वाहिनी पीटीव्ही केबलवरून बंद केली की काम झालं. आज रिकामी जागा ठेवली की ती समोरचा भरतो. मग आपल्याच कोणी भरली तर एवढं काय बिघडलं?

युक्रेनचं बघा. 2022 ला युद्धाच्या पहिल्याच दिवसांत 'कीव्हचं भूत' नावाचा वैमानिक निघाला, एकट्याने रशियाची कितीतरी विमानं पाडणारा. असा कोणी नव्हताच. एप्रिलच्या शेवटी त्यांच्याच हवाई दलाने सांगितलं, ती दंतकथा होती. पण त्या आठवड्यांत लोकांना उभं राहायला तिचा आधार झाला. कोण तक्रार करतं? मनोधैर्य हेही हत्यार आहे. कराचीच्या बातमीने कोणाचं नुकसान झालं, एक माणूस दाखवा.

शेवटचं बाकडं

दाखवतो. 7 मेला पूंछवर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला. त्यात मदरशात शिकवणारे एक शिक्षक गेले. भारतीय नागरिक, पाकिस्तानच्या गोळ्याने मेलेले. आपल्या काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो लावून दहशतवादी ठार म्हणून चालवला. घरात मयत, आणि टीव्हीवर हे. पूंछ पोलिसांना निवेदन काढावं लागलं की या माणसाचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता. जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने वाहिन्यांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं.

कीव्हचं भूत निदान कोणाच्या अंत्ययात्रेत शिरलं नव्हतं.

बाणकोट

पूंछचं वाईट झालं, त्याचं समर्थन नाही. पण ती चुकीची ओळख होती, कराचीचा उत्साह वेगळा. दोन्ही एका मापाने मोजू नका.

न्यूजरूमवाली

वेगळं काही नाही हो. तीच भिंत, तीच पट्टी, तेच 'सूत्र'. ज्या घाईने बंदर पेटवलं त्याच घाईने त्या माणसाला अतिरेकी केलं.

आडकित्ता

मग उपाय काय? सरकारने वाहिन्यांना वेसण घालावी? 9 मेला सरकारने 'द वायर' हे संकेतस्थळ बंद केलं होतं, राफेल पडल्याच्या एका बातमीवरून. तीही परदेशी वाहिनीच्या हवाल्याने दिलेली. बातमी उतरवल्यावर साइट सुरू झाली. कराची जाळणाऱ्या एकाही वाहिनीचं प्रक्षेपण मिनिटभरसुद्धा थांबलं नाही. वेसण कोणाच्या नाकात जाते ते दिसलं की.

तळटीप

म्हणूनच मी वेसण मागत नाही. फौजी म्हणाले ते मला पटतं. रोज ठरलेल्या वेळी ब्रीफिंग, त्यात आपलं नुकसानही, आणि वाहिनीने चुकीचं दाखवलं तर त्याच प्राइम टाइमला, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खुलासा. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची ब्रीफिंग लोकांनी मन लावून पाहिलीच ना? शांत आवाजात सांगितलं तर लोक ऐकतात, भोंगा लागत नाही.

बाणकोट

खुलासा मान्य. पण नुकसानीचा आकडा त्याच दिवशी, हे नाही पटलं. आपली किती विमानं उरली हे शत्रूला घरपोच कळवायचं? कारगिलला मिग-27 चा वैमानिक त्यांच्या ताब्यात होता, लपवून उपयोगच नव्हता, म्हणून सांगितलं. फौजींनी हे सोयीने वगळलं.

निवृत्त फौजी, सातारा

वगळलं नाही. नचिकेत त्यांच्या हाती लागला हे खरं, पण हेलिकॉप्टरमधले चौघं जागीच गेले होते. तेही सांगितलंच. शत्रूला आकडा आधीच माहीत असतो, त्यानेच तर पाडलेलं असतं. उद्या सकाळी सविस्तर लिहितो, आता डोळे दुखतायत.