बर्क-व्हाइट: हरहुन्नरी, की सगळीकडे एकच साचा?

सांडवा
पोलाद कारखाने, महायुद्ध, फाळणी, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी: अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटने सगळंच टिपलं. 'एकाच विषयात मुरायला हवं होतं' हा तिच्यावरचा आक्षेप मला चुकीचा वाटतो. तिची खरी विद्या उजेडाची होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या ओटिस स्टील कारखान्यात वितळलेलं लालभडक पोलाद डोळे दिपवायचं, पण हाताशी असलेल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निगेटिव्हवर काहीच उमटेना. मग मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून तिने पांढरा उजेड आणला, तेव्हा कुठे चित्र आलं.
'लाइफ' या अमेरिकन सचित्र साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाचं (२३ नोव्हेंबर १९३६) मुखपृष्ठही तिचंच. ते अमेरिकेतल्या फोर्ट पेक धरणाचं म्हणून ओळखलं जातं, पण दिसतोय तो सांडवा. त्याच कामावरून तिने मजुरांच्या वस्तीतल्या दारूगुत्त्यांचे फोटोही आणले. हे नुसत्या कारखाना-छायाचित्रकाराला सुचलं नसतं.

कोरी_फिल्म
सांडवा, उजेडाचं मान्य. पण माणसांचं काय? लेखक अर्स्किन कॉल्डवेलबरोबरच्या १९३७ च्या पुस्तकात गरीब शेतकऱ्यांच्या तोंडची म्हणून छापलेली वाक्यं लेखकद्वयाने स्वतः रचलेली आहेत. पुस्तकातच तसं नमूद आहे, तरी वाचणाऱ्याला ते त्या माणसांचेच शब्द वाटतात. १९४७ मध्ये फाळणीच्या तांड्यांना तिने फोटोसाठी पुन्हा पुन्हा मागे जायला लावलं, असं सोबतच्या वार्ताहर ली आयटिंगन यांनी पुढे सांगितलं. धरणाच्या सांडव्याला हवा तेवढा वेळ उभा ठेवता येतो. भुकेल्या माणसांना तसं थांबवणं मला क्रूर वाटतं.

चरखा_४६
तांड्याबद्दल कोरी_फिल्म यांचं बरोबर आहे, त्याचा बचाव होऊच शकत नाही. पण 'एकच साचा' म्हणत असाल तर पुण्यातला १९४६ चा गांधीजींचा फोटो आठवा. आधी सूत कातायला शिका, अशी अट. त्या दिवशी गांधीजींचं मौन. फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. बल्ब एकदा पेटला की संपला, आणि तो पेटण्याची व शटर उघडण्याची वेळ जुळली नाही तर हाती काहीच नाही. पाठीमागच्या खिडकीतून झगझगीत उजेड, पुढे चरखा अंधारात, म्हणजे नुसत्या खिडकीवर भागणारं नव्हतं. दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. इथे कुणाला मागे-पुढे करायची सोय कुठे होती?

कोरी_फिल्म
तरी फ्लॅश होताच ना! ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या पार्थिवाजवळ तिने तोच उडवला आणि लोकांनी तिला बाहेर काढलं. फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँही तेव्हा दिल्लीतच होता, लहान लायका कॅमेरा आणि असेल तो उजेड घेऊन. शोकाच्या खोलीत वागण्याची रीत त्याला कळत होती.

सांडवा
त्या खोलीत ती चुकलीच. पण फ्लॅशवाचून तिचं अडायचं हे खरं नाही. जुलै १९४१ मध्ये मॉस्कोवर रात्री जर्मन बॉम्ब पडू लागले, तेव्हा फ्लॅशचा उपयोगच नव्हता. तिने कॅमेरे घट्ट बसवले, शटर उघडी ठेवली आणि आकाशातल्या गोळ्यांच्या, दिव्यांच्या रेषांना आपणहून फिल्मवर उमटू दिलं. अशा वेळी शटरची उघडझाप किती सेकंदांची, हे बाहेरचा भडिमारच ठरवतो. कमी ठेवली तर रेषा तुटतात, लांबली तर आग भडकून आख्खं आकाश पांढरं पडतं. त्यात स्फोटाच्या हादऱ्याने कॅमेरा हलला की क्रेमलिनच्या इमारतींची कडाच पुसट होते. त्या फोटोंत ती कडा शाबूत आहे.