सीजे-३बी पेट्रोल: हायवेवर एकसारखा किती स्पीड धरावा?

गोलदिवा_६८

गाडी महिंद्रा सीजे-३बी, १९६८, लेफ्ट हँड. हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअर, टायर ६.००-१६. इंजिन पूर्ण बांधून २,००० किमी झालेत, ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर व्यवस्थित आहे. पुणे ते कोल्हापूर न्यायची आहे. कुणी म्हणतं ६० च्या वर जाऊ नका, कुणी म्हणतं ८० ला आरामात पळते. ५५ च्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग डुगडुगतं, ६५ नंतर ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) सूर एवढा चढतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. इंजिन मात्र मोकळं आहे, अजून पळायला बघतं. तासन् तास धरता येईल असा स्पीड कोणता? आणि गिअरिंग बदलून फायदा होतो का?

ग्रीसनिपल

आधी हिशेब करा, मग कोण काय म्हणतं ते ऐका. ६.००-१६ टायर एका फेरीत साधारण २.१९ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ४५७ फेऱ्या. तिसरा गिअर डायरेक्ट, ट्रान्सफर केस हायमध्ये १:१, आणि ३बीचा मूळ क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) ५.३८ चा (८ दात आणि ४३ दात). त्यामुळे ६० ला इंजिन २,४५० आरपीएमवर, ७० ला २,८५० वर आणि ८० ला ३,२७० वर. हरिकेनचे ७५ हॉर्सपॉवर ४,००० आरपीएमला लिहिलेत, म्हणून लोकांना वाटतं ३,२७० म्हणजे काहीच नाही. पण टॉर्क २,००० लाच पूर्ण मिळतो, आणि पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली धाव) १११ मिमी आहे. ६० ला पिस्टन सेकंदाला ९ मीटर धावतो, ८० ला १२ मीटर. ट्रकला ओव्हरटेक करताना १२ चालेल, सातारा ते कराड सलग नाही.

वारा हा दुसरा मुद्दा. सरळ उभी काच, त्यावर ताडपत्रीचं छप्पर. ६० वरून ८० ला जाताना निव्वळ वारा कापायला लागणारी ताकद जवळजवळ २.४ पट होते. ॲक्सिलरेटर खाली, उष्णता वर, पेट्रोलचा काटा डावीकडे.

माझं उत्तर: ६० ते ६५ धरा, ओव्हरटेकला ७५ पर्यंत जाऊ द्या आणि परत खाली आणा. ८० वाले बहुतेक एमएम ५४० (महिंद्राचीच डिझेल जीप) चालवतात. तो हिशेब वेगळा आहे.

पाने-कॅलिपर घेऊन बसणारच असाल तर व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर बघून घ्या. इनलेट १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ. या इंजिनात इनलेट हेडमध्ये वर आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये खाली, त्यामुळे वरचं कव्हर उघडून इनलेट सेट करतात आणि बाजूची पत्री काढून एक्झॉस्ट करायचा आळस होतो. सलग लोडवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो. गॅप कमी असेल तर तो पूर्ण बसत नाही, कडेने जाळ निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गावात फिरताना हे कळतही नाही, हायवेवर दोन तासांत कळतं.

पाटा_शॅकल

वरचा हिशेब बरोबर, पण तुमच्या गाडीला आज ६० सुद्धा सांगणार नाही. ५५ ला डुगडुगणारं स्टेअरिंग आधी सोडवा. डॅम्पर (स्टेअरिंगचा हादरा शोषणारा शॉकअप) लावून ते दाबू नका. झिजलेला भाग तसाच राहतो, फक्त हाताला कळायचा बंद होतो.

पुढचं एक चाक जॅकवर घ्या. वर आणि खाली हात धरून हलवा. खटका लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खटका गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिनचं (ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं) बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर ड्रम बॅकप्लेटला जखडला जातो, म्हणून हा फरक कळतो. किंगपिनला शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. शिम काढल्यावर नकल (चाक धरून वळणारा भाग) थोडा जड फिरला पाहिजे, लोंबकळत नव्हे. बेअरिंगच्या वाटीत रोलरच्या रेघा उमटल्या असतील तर शिम काढून उपयोग नाही, वाटीसकट बदला.

मग चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग दोन बोटं इकडेतिकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बेल क्रँक (स्टेअरिंगचा जोर टाय रॉडकडे वळवणारा सांधा) बघायचा. जुन्या जीपमध्ये निम्मा प्ले तिथेच सापडतो. पिन आणि सुई-बेअरिंग झिजलं की तो आडवा फिरायच्या आधी वर-खाली डोलतो. त्यानंतर टाय रॉडचे एंड. रॉस स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायचा मोह शेवटी ठेवा, कारण चाकं सरळ असतानाचा प्ले घालवला की वळणावर बॉक्स अडकायला लागतो.

सगळं घट्ट झाल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे किती वळलीत ते) १.२ ते २.४ मिमी. कास्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) ३ अंश लागतो. पाटे बसले किंवा शॅकल बदलून पुढची बाजू उचलली की तो कमी होतो आणि सुटलेलं स्टेअरिंग आपोआप मध्यावर यायचं बंद होतं. पाट्याखाली पाचर घालून दुरुस्त होतो, पण ती उलटी बसली तर आहे तोही कास्टर जातो. बसवल्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको.

आता ब्रेक. ३बीला ९ इंची ड्रम आणि एकच सर्किट. ८० ला थांबायला ६० च्या पावणेदोन पटींहून जास्त अंतर लागतं, आणि पुढची मारुती तुमच्या निम्म्या अंतरात थांबते. एक सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. चारही व्हील सिलिंडरचे रबर बूट उचलून आत ओल आहे का बघा. हँडब्रेकवर विसंबू नका. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, चालत्या गाडीत ओढला की सगळा झटका शाफ्टच्या सांध्यावर (क्रॉस) आणि ॲक्सलवर.

जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला तर दुसऱ्या गिअरला ३५-४० ला निवांत चढते. परतीला बोगदा आहे, तिथे काही नाही. खरी परीक्षा पुण्यात शिरताना, कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार. तिथे बोगद्यातच डावी लेन घ्या, दुसरा गिअर टाका, ४० च्या खाली ठेवा. दुसऱ्यात ४० ला इंजिन २,५५० च्या आसपास असतं, चांगलं धरतं. टॉपमध्ये ब्रेकवर उतरलात तर पुलाच्या आधीच पेडल मऊ पडेल.

पिजो_५४०

"८० वाले" म्हणून आमची आठवण काढलीत, तर आकडेही घ्या. ५४० मधल्या पिजो एक्सडीपी ४.९० इंजिनाची बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी, पण स्ट्रोक फक्त ८३ मिमी. तेच टायर आणि तेच ५.३८ धरले तर ८० ला पिस्टन सेकंदाला ९ मीटर धावतो, म्हणजे हरिकेनचा ६० चा वेग. मात्र वारा आणि पाटे तेच, म्हणून ८० ला ५४० थकत नाही, बसणारा थकतो.

गिअरिंग बदलण्याआधी सध्या काय आहे ते मोजा. इतक्या वर्षांत हाउसिंगमध्ये कुणी काय घातलंय, आरसीवरून कळत नाही. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (तो शाफ्टच धरतो, म्हणून). प्रॉपेलरवर (ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रॉपेलरच्या फेऱ्या मोजा. पाच आणि तिसऱ्या हिश्शाच्या किंचित वर आल्या तर ५.३८, पाचला थोड्या कमी पडल्या तर ४.८८. पुढच्या ॲक्सललाही हेच करा. दोन्हीकडे वेगळं निघालं तर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर चुकूनही लावू नका.

४.८८ घातलं की ६० ला २,२३० आणि ८० ला २,९७०. फरक जाणवतो, पण दोन्ही ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलावे लागतात, आणि सेटिंग करणारा हात चांगला नसेल तर ट्रान्सफर केसच्या सुरात डिफरन्शिअलचाही सूर मिसळतो. वॉर्न कंपनीचा जुना ओव्हरड्राइव्ह (जादा उंच गिअर) ट्रान्सफर केसच्या मागे बसतो आणि आरपीएम पाव हिश्शाने कमी करतो. सापडला तर उत्तम, पण सुटे भाग आधी शोधा.

७.००-१६ टायर हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आरपीएम ७ टक्क्यांनी उतरतो. पण स्टेअरिंग आणखी जड, ब्रेक आणखी कमी. आणि मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, त्यामुळे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६५ ला असेल.

गोलदिवा_६८

ब्रेक दाबून बघितलं. डावीकडे खटका तसाच राहतो, म्हणजे किंगपिन. फेऱ्या मोजल्या, दोन्हीकडे ५.३८. ट्रान्सफर केसच्या आवाजाचं काय?

ग्रीसनिपल

थोडा सूर राहणारच. या केसमध्ये हायलाही ताकद मधल्या गिअरमधून फिरून खाली मागच्या शाफ्टला जाते, सरळ आरपार नाही. एकसारखा सूर चालेल. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलून खरखर आली तर मधल्या शाफ्टची बेअरिंग झिजली.

ऑइल तपासा: गिअरबॉक्सला १.२ लिटर, ट्रान्सफर केसला १.५ लिटर, ९० नंबर, जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा). जीएल-५ नको, सिंक्रोच्या पितळी रिंगा खातं. दोन्ही प्लग वेगवेगळे उघडून पातळी बघा, कारण दोघांमधली सील गेली की ऑइल एकीकडून दुसरीकडे जातं. एक भरून वाहतं आणि दुसरं कोरडं पडतं. ५० किमी ६० ने चालवून ट्रान्सफर केसवर हात ठेवा. हात टिकला तर ठीक, लगेच काढावा लागला तर पुढे जाऊ नका.

ऑइल प्रेशर ५५ च्या स्पीडला गरम इंजिनवर २० पौंडांच्या खाली यायला नको, आयडलला ६ पुरतं. आणि पुढच्या हबला फ्री-व्हील लॉक असतील तर ते मोकळे करून जा. पुढचा ॲक्सल आणि प्रॉपेलर फिरायचे थांबतात, हादरेही थोडे कमी होतात.

पाटा_शॅकल

डावीकडचा किंगपिन उघडताय तर उजवीकडचाही उघडा. आणि नकलच्या बॉलवरची फेल्ट सील बदला, नाहीतर नवीन बेअरिंगला महिन्याभरात धूळ लागते.