भाऊ दाजी लाड संग्रहालयात 'आजचं' काही नकोच?

भायखळा_लोकल
परवा इथेच एकाने लिहिलं होतं: 'भाऊ दाजी लाडमध्ये जुनी कारागिरी बघायला जावं, तर कपाटांच्या मधोमध कुणाचं तरी इन्स्टॉलेशन! हे संग्रहालय आहे की गॅलरी?' खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. मला राहवेना.

अहो, ते संग्रहालय जन्मलंच प्रदर्शनाच्या पोटी. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून माल गोळा केला, त्याचेच जोडीचे नमुने इथे फोर्टातल्या बराकींत ठेवले. १८५७ मध्ये त्या बराकी लष्कराला हव्या झाल्या, वस्तू बाहेर फेकल्या गेल्या. मग संग्रहालयाचा इंग्रज क्युरेटर बर्डवुड याने पुन्हा जमवाजमव केली आणि २ मे १८७२ ला राणीच्या बागेतली आजची इमारत उघडली. तेव्हा त्या कपाटांतल्या कितीतरी वस्तू कोऱ्या करकरीत होत्या. जे. जे. कलाशाळेत तिथल्या टेरीसाहेबाने अजिंठ्याची नक्षी घालून भांडी भाजून घेतली, ती त्या काळची ताजी, जरा आगाऊच कला. गिऱ्हाईक मिळावं म्हणून मांडलेला माल होता हो तो! २०११ साली आजचा चित्रकार जितीश कल्लाट याने तिथे बांबूच्या परांचीसारखं शिल्प उभं केलं. ज्या वास्तूची डागडुजी २००८ पर्यंत चालली होती, तिथे परांची. मला तर बेहद्द आवडलं.

चितारआळीची_नात
पॅरिस, बर्डवुड, टेरी, कल्लाट. एवढी नावं घेतलीत, त्यात एक तरी कारागीर आहे का?

माझे आजोबा सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं रंगवायचे. गंजिफाही करायचे. दशावतारी संच म्हणजे १२० गोल पत्ते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. एका पत्त्याचा रंग फुटला की तो पुन्हा करायचा, तोवर आजी जेवायला वाढून बसलेली. एका मोठ्या संग्रहालयात (हे नव्हे, दुसरं, नाव घेत नाही) तसाच संच दिसला. पाटीवर गाव होतं, शतक होतं, दान देणाऱ्या शेठजींचं नाव होतं. करणाऱ्याचं नाही. शेजारीच एका चित्रकाराचं काम, आणि त्याच्या शिक्षणापासून पुरस्कारांपर्यंत भिंतभर मजकूर. आमची माणसं तुमच्या प्रदर्शनाला मागचा पडदा म्हणून हवीत, एवढंच.

पेडणेवाला
कारागिराचं सोडा, इमारतीवरचं नाव तरी किती जणांना ठाऊक आहे? भाऊ आमच्या मांद्र्याचे. पेडणे तालुका, गोवा. मुंबईकर त्यांना गिरगावात जन्मल्यासारखं सांगतात. १९७५ पर्यंत संग्रहालयाच्या नावात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट होते!

नुसताच_वाचक
नाव द्यायचंच होतं तर नाना शंकरशेटांचं का नाही? संग्रहालयाच्या समितीत तेही होतेच की.

पेडणेवाला
मुंबई सेंट्रल स्टेशनाला नानांचं नाव मागताय ना? मग एवढं एक तरी आमच्याकडे राहू द्या. भाऊंनी महारोगावर औषध शोधलं, अजिंठ्याचे शिलालेख वाचले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले.

नुसताच_वाचक
शेरीफपदाचा नक्षीकामाशी संबंध काय?

पेडणेवाला
तुमचा या धाग्याशी जेवढा आहे तेवढाच.

नुसताच_वाचक
गोंयकार चिडले. चला, दिवस सार्थकी लागला.

चितारआळीची_नात
बघा. मी कारागिराचं नाव विचारलं आणि दोन बाप्ये दोन मोठ्या माणसांवरून भांडतायत. पाटीवर नेमकं हेच होतं.

भायखळा_लोकल
ताई, हा टोला बसला. तुमच्याच बाजूचं एक देतो, नाइलाजाने. बर्डवुडने १८८० मध्ये इथल्या कारागिरीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, तोंडभर कौतुक केलं, आणि त्यातच म्हणाला की चित्र-शिल्प ही ललित कला म्हणून हिंदुस्थानात नाहीच. १९१० मध्ये तर जाव्याच्या बुद्धमूर्तीपेक्षा उकडलेलं पुडिंग काय वाईट, असं भर सभेत बोलला. म्हणजे हात तुमच्या आजोबांचे चालतील, डोकं त्यांचं नको. कारागीर वेगळा, कलाकार वेगळा, ही वाटणी त्या लोकांनी पक्की केली. म्हणूनच आजचं काम त्याच कपाटाला खेटून ठेवावं, असं माझं अजूनही मत आहे. वाटणी मोडायची तर दोघांना एका खोलीत आणायला नको?

चितारआळीची_नात
आणा की. फक्त दोघांच्या पाट्या सारख्या लांबीच्या लावा.

भायखळा_लोकल
शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नावं टिपलीच नाहीत, ती आता कुठून आणायची?

चितारआळीची_नात
मग 'करणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही' असं लिहा. तेवढी जागा असते पाटीवर. आणि तुमची ती लाडकी परांची, ती बांधायला किती माणसं लागली? त्यांची नावं वाचलीत?

भायखळा_लोकल
नाही वाचली. फोटो काढले होते, त्यात पाटी आली असली तर शोधतो. खूश?

चितारआळीची_नात
फोटो टाका, मग सांगते.

पेडणेवाला
फोटो शोधताय तर संग्रहालयाच्या बागेतला दगडी हत्तीही टाका. घारापुरीचा आहे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं. हत्ती भायखळ्याला आला, नाव तिकडेच राहिलं.

नुसताच_वाचक
संपलं. आता पन्नास प्रतिसाद हत्तीवर.