नववीला किशोरवयातला मेंदू कसा शिकवावा? ३ तासिका, ५५ मुलं, प्रोजेक्टर नाही

खडूफळा
नववीच्या विज्ञानात चेतासंस्था शिकवताना प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क होतंच. त्याला जोडून या वयात मेंदूत नेमकं काय चालतं, हे ३५ मिनिटांच्या ३ तासिकांत घ्यायचं आहे. अडचण एकच: "मेंदूचा पुढचा भाग अजून तयार होतोय" म्हटलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "मग गृहपाठ आम्ही नाही विसरलो सर, मेंदू विसरला." यावर काय करावं? आणि मुलांना हाताने करायला काय देता येईल?

चेतापेशी
आपण "अपुरा मेंदू" असं शिकवतो, म्हणून ही सबब मिळते. सहाव्या वर्षापर्यंतच मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, तिथून सुरुवात करा. पुढे काम चालतं ते जोडण्यांचं. कमी वापरातल्या चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडण्या, छाटल्या जातात आणि वापरातल्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन चढतं. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण १ मीटर जातो, जाड वेष्टनाच्या तंतूतून १०० मीटरच्या आसपास. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा, आकृती नंतर.

मग मुख्य मुद्दा. बक्षिसाची ओढ आणि भावना सांभाळणारी केंद्रं वयात येताना जोमात येतात. आवर घालणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, सावकाश पक्का होतो. तरी शांतपणे विचार करायला वेळ असेल तर १६ वर्षांची मुलं तर्कात मोठ्यांच्या जवळपास असतात. घोळ होतो तो डोकं तापल्यावर, किंवा मित्र बघत असताना. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये कॉम्प्युटरवरच्या गाडीच्या खेळात हेच तपासलं: मित्र सोबत असताना किशोरांनी जास्त धोका पत्करला, २४ वर्षांवरच्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. गृहपाठ हा थंड डोक्याचा विषय आहे, हे मुलांच्याच तोंडून काढून घ्या.

फासा_टाका
वरचा प्रयोग वर्गात फाशावर करता येतो. लुडोचे १४ फासे, म्हणजे ४ जणांमागे एक. नियम: फासा टाकत जायचं, पडेल तेवढे गुण जमा. १ पडला की त्या डावातले सगळे गुण गेले. हवं तेव्हा थांबून गुण वहीत लिहायचे. प्रत्येकाने १० डाव घरी एकट्याने खेळायचे आणि १० डाव वर्गात, गटातले बाकीचे बघत असताना.

बिघडतं ते इथे:
- सगळे आधी घरी खेळले तर दुसऱ्या वेळी सराव झालेला असतो. अर्ध्या वर्गाने आधी वर्गात खेळावं.
- १ पडून गेलेले डाव सरासरीत धरू नका. तिथे मूल स्वतःहून थांबलेलंच नाही. थांबलेल्या डावांचे गुण घ्या.
- फासे बाकाखाली जातात. डब्याच्या झाकणातच टाकायचे.

गणिताने २० गुणांच्या आसपास थांबणं फायद्याचं, पण हे आधी सांगितलं की खेळ संपला. वर्गात फरक दिसेलच असं नाही, ५५ जणांत आकडे बरेच हलतात. नाही दिसला तर तसंच सांगा, ओढूनताणून निष्कर्ष काढू नका.

नववी_ब
२५ व्या वर्षी मेंदू पूर्ण होतो, हे सांगायचं ना?

चेतापेशी
नको. बदल विशीच्या मध्यापर्यंत आणि नंतरही चालू राहतात, प्रत्येकाचा वेग वेगळा. २५ हा काही मेंदूचा वाढदिवस नाही. डावा मेंदू कलाकाराचा की उजवा, हेही त्याच तासाला खोडून टाका.

रात्रपाळी
तिसरी तासिका झोपेला द्या. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे झोपेची वेळ दीड-दोन तासांपर्यंत पुढे सरकू शकते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. शाळा ७ ला असेल आणि ५:४५ ला उठायचं असेल, तर ८ तासांसाठीही पावणेदहाला झोप लागायला हवी. मुलांना ही वजाबाकी फळ्यावर करू द्या. राज्यात २०२४ मध्ये सकाळी ९ किंवा त्यानंतर वर्ग भरवण्याचा निर्णय झाला तो चौथीपर्यंतच, यावर वर्गात चांगली चर्चा रंगते.

७ रात्रींचा तक्ता द्या: फोन ठेवला, दिवा मालवला, जाग आली. शनिवार-रविवारचे रकाने वेगळे, कारण शरीराची झोपेची खरी वेळ तिथे दिसते.

खडूफळा
तक्ते वर्गात वाचून दाखवायला सांगू का?

रात्रपाळी
अजिबात नाही. एका खोलीत सहा माणसं झोपत असतील तर ते मूल काय वाचणार? निनावी चिठ्ठ्या एका डब्यात गोळा करून फळ्यावर फक्त सरासरी लिहा. त्याच डब्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्याही घ्या. उदासी किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही आलं तर ते वर्गात सोडवत बसू नका. शाळेतल्या समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्या तासिकेपासूनच फळ्याच्या कोपऱ्यात ठेवा.