इंग्लंडमध्ये बाईक ट्रिप: बाईकवाल्याने ऐनवेळी नाही म्हटलं, तातडीने मदत हवी

बुलेट_धायरी | ७ मे, रात्री ११:५२

मंडळी, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. २३ मेला आम्ही दोघं निघतोय. मँचेस्टरला उतरायचं, तिथेच भाड्याची बाईक घ्यायची. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, पीक डिस्ट्रिक्ट, कॉट्सवोल्ड्स आणि जमलं तर कॉर्नवॉल. नऊ दिवस. व्हिसा आला, तिकिटं झाली, बाईकचं बुकिंग फेब्रुवारीतच केलं होतं. आज संध्याकाळी बाईकवाल्याची मेल: कागदपत्रं पाहिली, बाईक देता येणार नाही, पैसे परत करतो. बास, दोन ओळी.

भारतीय लायसन्सवर कटकट न करता बाईक देणारा कोणी माहीत असेल तर सांगा. ६५० सीसी किंवा त्याच्या वरची हवी, दोघं आणि सामान आहे. 'आधी चौकशी करायला हवी होती' हे कृपया कोणी सांगू नका. केली होती.

शंकासूर | ८ मे, रात्री १२:१०

कोणती कागदपत्रं पाठवली? तुमचं वय? लायसन्स किती वर्षांचं? कारण काय दिलं त्यांनी?

बुलेट_धायरी | रात्री १२:१४

जी लागतात ती सगळी पाठवली. कारण दिलं असतं तर धागा कशाला काढला असता?

घाटवाट | रात्री १२:३१

गोऱ्यांना आपलं लायसन्स म्हणजे कागदाचा कपटा वाटतो. मी दोनदा लेह केलंय, खारदुंगला केलंय, ताम्हिणी भर पावसात रात्री उतरलोय. तरी बाहेर गेलं की आपण नवशिके. दुसरी कंपनी शोधा आणि सगळे फोटो अंधुक पाठवा.

लीड्सची_काकू | रात्री १:०५

घाटवाट, असले सल्ले देऊ नका. विम्याचा प्रश्न असतो तो.

धायरीकर, भारतीय लायसन्स इथे चालतं. पाहुणा म्हणून आलात की देशात शिरल्यापासून १२ महिने त्यावर मोटारसायकल किंवा कार चालवता येते. अट एकच, तो वर्ग लायसन्सवर असला पाहिजे. म्हणजे अडचण 'भारतीय' असण्याची नसणार. आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायची परमिट, काढली आहे का? तिच्या शेवटच्या पानावर 'ए' समोर शिक्का आहे ना? ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे कार.

मोरपंखी | सकाळी ७:४०

किती छान! एकूण खर्च किती आला हो? आम्ही पुढच्या वर्षी मुलांसोबत जायचं म्हणतोय. जाताना ठेपले आणि चिवडा भरपूर न्या, तिकडे शाकाहारी लोकांचे हाल होतात.

रूळप्रेमी | सकाळी ८:२२

बाईकचा नाद सोडा. सेटल ते कार्लाइल ही रेल्वे पकडा. १८७६ साली प्रवाशांसाठी सुरू झाली, रिबलहेडच्या पुलाला २४ कमानी आहेत, खिडकीत बसून चहा पीत डेल्स बघायचे. ना पावसात भिजणं, ना लायसन्स. एकदा गेलात की दुसरं काही आवडणार नाही.

घाटवाट | सकाळी ८:३०

तो पूल खालून बाईकवरून बघायचा असतो, आतून तो दिसतच नाही.

रूळप्रेमी | सकाळी ८:४१

वळणावर दिसतो. डाव्या-उजव्या बाजूचा अभ्यास करून जागा धरावी लागते.

बुलेट_धायरी | सकाळी ९:१५

ट्रेनबद्दल विचारलेलं नाही.

काकू, आयडीपी एजंटकडून काढलीय, हजार रुपये सरकारी फी आणि त्याचे वेगळे. आत्ता बघितलं. बी समोर शिक्का आहे. ए रिकामं आहे. एजंटची चूक दिसतेय. आज आरटीओत जाऊन शिक्का मारून आणतो. धागा बंद करायला हरकत नाही.

शंकासूर | सकाळी ९:२०

थांबा. लायसन्सच्या मागच्या बाजूला वाहनांचे वर्ग आणि तारखा असतात. तिथे काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर इथे लिहा.

बुलेट_धायरी | सकाळी ९:५८

एलएमव्ही, २००९. आणि एमसीडब्ल्यूओजी, २००९.

शंकासूर | सकाळी ९:५९

'ओ' आहे? नक्की?

बुलेट_धायरी | सकाळी १०:०३

हो, आहे. मग?

शंकासूर | सकाळी १०:०६

मग तुमच्याकडे गिअरच्या बाईकचं लायसन्सच नाही. एलएमव्ही म्हणजे कार, एमसी म्हणजे मोटारसायकल, डब्ल्यूओजी म्हणजे विदाऊट गिअर. स्कूटीचं. बुलेट किती वर्षं चालवताय?

बुलेट_धायरी | सकाळी १०:४४

१४.

त्या वेळी टेस्टला आईची स्कूटर नेली होती. एजंट म्हणाला सगळं करतो, मी कार्ड पाकिटात टाकलं. १४ वर्षांत पुण्यात किमान वीस वेळा लायसन्स दाखवलंय, एकानेही मागची बाजू पाहिली नाही.

र्‍हस्वदीर्घ | सकाळी १०:५०

'गिअर' नव्हे, 'गियर'. आणि शीर्षकात 'बाईक' ऐवजी दुचाकी किंवा मोटारसायकल हवं.

घाटवाट | सकाळी ११:०२

एवढं काय त्यात? १४ वर्षांचा अनुभव आहे माणसाला. वर्ग वाढवून घ्या, आठवड्यात होतं काम. ओळख असेल तर दोन दिवसांत.

लीड्सची_काकू | सकाळी ११:३०

नाही होत. वर्ग वाढवायलाही आधी लर्निंग काढावं लागतं आणि त्यानंतर ३० दिवस गेल्याशिवाय टेस्ट नाही. यांच्या हातात १५ दिवस आहेत. समजा झालंच, तरी इथले भाड्याने देणारे वर्ग मिळून किती वर्षं झाली ते विचारतात. बहुतेकांची दोन वर्षांची अट असते. पंधरा दिवसांपूर्वीचं लायसन्स घेऊन आलेल्याला ६५० कोण देईल?

आणि धायरीकर, रागावू नका, पण या १४ वर्षांत तुमच्या हातून काही झालं असतं तर विम्याने तिथेही हात वर केले असते.

रूळप्रेमी | सकाळी ११:३४

म्हणून म्हणत होतो.

सोलिहलकर | दुपारी ३:१५

एलएमव्ही आहे ना, मग कार घ्या की. नऊ दिवसांत एवढं अंतर बाईकवर तसंही होणार नव्हतं. विंडरमिअरहून कॉर्नवॉलचं टोक चारशे मैलांच्या वर आहे. परत मेअखेरीचा सोमवार बँक हॉलिडे आणि त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी. एम ५ मोटरवेचं पार्किंग होऊन बसतं, कॉर्नवॉलात बी अँड बीला (घरगुती लॉजला) एका रात्रीची खोली कोणी देत नाही.

अवांतर: आलातच तर रेडिच पाहून जा. बुलेटचं माहेर.

घाटवाट | दुपारी ३:४०

बुलेटचं माहेर चेन्नई. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. आपण १९५५ पासून बनवतोय आणि अजून बनवतोय. ज्याने सांभाळलं त्याचं पोर.

सोलिहलकर | दुपारी ३:५२

सांभाळलं ते ठीक, जन्म कुठला ते विचारा. आणि नॉर्टन ही जुनी इंग्रजी बाईक कंपनीही आता तमिळनाडूच्याच कंपनीकडे आहे, २०२० पासून. कारखाना मात्र इथे, सोलिहलात.

मोरपंखी | दुपारी ४:१०

म्हणजे इंग्रजांच्या गाड्या आता आपल्याच!

(यापुढचे चार प्रतिसाद कोहिनूरवर गेल्याने संपादकांनी हलवले आहेत.)

बुलेट_धायरी | रात्री ९:२५

कार घेऊन जायचं असतं तर महाबळेश्वर काय वाईट होतं? दहा वर्षं ठरवतोय हे. हार्डनॉट पास, बटरटब्स, कॅट अँड फिडल, सगळे रस्ते पाठ आहेत. घरी अजून सांगितलेलं नाही. लायसन्सचा वर्ग न बघता बाईक देणारा कोणी आहे का, एवढंच विचारतोय.

लीड्सची_काकू | रात्री १०:०५

असलाच तर त्याच्याकडची घेऊ नका.

हार्डनॉट पाठ आहे म्हणता म्हणून सांगते. चढ तीनास एक आहे, म्हणजे तीन फूट पुढे गेलात की एक फूट वर. रस्ता एका गाडीपुरता, वळणं कोपराएवढी, आणि समोरून कोणी आलं तर मागे सरकत जागा द्यायची. दोघं बसलेली, सामान लादलेली ६५० तिथे मागे सरकवून दाखवा. मी आणि आमचे हे १९ वर्षं इथे फिरतोय, सामान असलं की आम्ही तो टाळतो. कर्कस्टोनवरून जातो. तोही साडेचारशे मीटर उंच आहे, पण रस्ता माणसांसाठी केलेला वाटतो.

घाटवाट | रात्री १०:२०

वरंध उतरलेल्या माणसाला तीनास एक काय सांगता.

लीड्सची_काकू | रात्री १०:४८

वरंधात समोरचा हॉर्न देतो, इथे कोणी देत नाही. हा फरक चढापेक्षा मोठा आहे. दोन्हीकडे पुरुषभर उंच झुडपांची कुंपणं, वळणापलीकडे ट्रॅक्टर, घोडा किंवा मेंढी, आणि सगळं गपचूप. घोडा दिसला तर ताशी दहा मैलांवर यायचं आणि दोन मीटर लांबून जायचं, हॉर्न चुकूनही नाही.

आणखी एक, यात आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे दिवा मारला म्हणजे 'मी येतोय, थांब'. इथे लोक बहुतेक वेळा 'तुम्ही या' म्हणून मारतात. नियमाच्या पुस्तकात तसं नाही, पण चाल तशी आहे. आमच्या भाच्याने पहिल्याच दिवशी अरुंद पुलावर दिवा मारला. समोरचा हात हलवून निघाला, हाही निघाला, आणि दोघं मधोमध भेटले.

पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की साध्या रस्त्यावर साठ मैलांची मुभा असते. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. डेल्समध्ये त्याच पट्टीखालच्या गल्लीत आम्ही पंचवीसने जातो.

मागची_सीट | ९ मे, सकाळी ६:५०

नमस्कार. नवीन आयडी, चुकलं तर सांभाळून घ्या. धागाकर्ता माझा नवरा. काल रात्री लॅपटॉप उघडा ठेवून झोपला.

माझ्या लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी आहे, 'ओ' नाही. २०११ पासून. बाबांच्या स्प्लेंडरवर शिकले, सांगलीत कॉलेजला तीन वर्षं रोज चालवली. लग्नानंतर मागेच बसतेय. वय ३४, आयडीपी नाही. प्रश्न असे: १) १५ दिवसांत आयडीपी होते का? २) ६५० मला झेपणार नाही, दोनशे किलोच्या वर आहे ती. हलकी काय मिळेल? ३) तिकडे बाईने चालवलं आणि पुरुष मागे बसला तर कोणी बघत बसतं का? हा तिसरा प्रश्न माझा नाही.

शंकासूर | सकाळी ६:५८

_/\_

लीड्सची_काकू | सकाळी ९:१२

ताई, तुमच्यासाठी वेळ काढून लिहिते.

आयडीपी ऑनलाइन अर्ज करून होते, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट जोडा. एजंट नको. हातात आली की ए समोरचा शिक्का तिथेच बघा. कायद्याने इंग्रजी लायसन्सला तिची गरज नाही, पण भाड्याने देणारे मागतात.

गाडी: ट्रायम्फची ४०० विचारा. पावणेदोनशे किलोच्या आसपास आहे, सीटही बेताची उंच. नाव इंग्लंडातल्या हिंक्लीचं, पण ती बनते तुमच्या चाकणला. तिच्यावर दोघं बसून मोटरवे नको, आतले रस्ते उत्तम. कॉर्नवॉल आणि कॉट्सवोल्ड्स दोन्ही काढून टाका. मँचेस्टर, बक्स्टन, मग डेल्समध्ये हॉजला तीन मुक्काम, मग केंडल किंवा अँबलसाइड, आणि परत. रविवारी कर्बी लोन्सडेलच्या डेव्हिल्स ब्रिजवर थांबा, शे-दोनशे बाईकवाले जमलेले असतात. बटरटब्सवर लोखंडी नळ्यांची जाळी लागते, मेंढरं अडवायला. ओली असली की सरळ जायचं, वर असताना ब्रेक नाही.

तिसरा प्रश्न: आमच्या घरी गेली सहा वर्षं मीच चालवते. यांचा गुडघा दुखतो.

हेल्मेटवर नुसता आयएसआय शिक्का असेल तर ते इथे चालत नाही, युरोपचा ईसीई २२ लागतो. तुमच्या यजमानांचं वजन किती?

बुलेट_धायरी | सकाळी ९:३०

इथे वजनाचा काय संबंध?

मागची_सीट | सकाळी ९:३१

८४.

लीड्सची_काकू | सकाळी ९:३५

मग सामान कमी करा. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवून द्यायला दुकानातच सांगा. आणि इथे यायच्या आधी तुमच्याच बुलेटवर यांना मागे बसवून रोज तासभर काढा. मोकळ्या मैदानात आठचा आकडा, मग सिंहगडाच्या पायथ्याचा रस्ता. मागचा माणूस वळणावर उलटा झुकला की पुढच्याची वाट लागते, आणि आयुष्यभर चालवलेली माणसं मागे बसली की हमखास उलटी झुकतात.

मोरपंखी | सकाळी ९:५०

ताई ग्रेट! पण ठेपल्यांचं काय ठरलं?

सोलिहलकर | सकाळी १०:१५

ठेपले चालतील. पेढे-बर्फी नको, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

मागची_सीट | ११ मे, रात्री ८:०५

आयडीपीचा अर्ज झाला. त्याच बाईकवाल्याला माझं लायसन्स पाठवलं, तो ४०० द्यायला तयार आहे. काल आणि आज मैदानात गेलो. एकदा पडलो, उभ्या उभ्या, लागलं नाही. कोण कुठे झुकलं यावर अजून एकमत नाही.

आता तो म्हणतो अनामत चालवणाऱ्याच्या नावच्या क्रेडिट कार्डावर धरणार. माझं स्वतंत्र कार्ड नाही. नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड आहे, वर नाव माझं. चालेल?

लीड्सची_काकू | रात्री ८:४०

नाव छापलेलं असेल तर सहसा चालतं, तरी त्याच्याकडून मेलवर लिहून घ्या. कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू केलेत का? मर्यादा अनामतीहून जास्त आहे ना?

बुलेट_धायरी | रात्री ८:४४

ते मी बघतो. ओटीपी माझ्याच फोनवर येतो.