थांबायचं तरी किती?

डॉक्टरकी शिकताना लग्न कधी करावं, या चर्चेत ‘एमडी होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नका’ असं दोघातिघांनी सुचवलंय. मला नाही पटलं. एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट-पीजी या एमडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी यातच पंचविशी उलटते. पुढे एमडीची तीन वर्षं. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन!

खरा घोळ ड्युटीच्या तासांचा आहे. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी (एमडी करता करता हॉस्पिटलात करायचं काम) योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३ च्या पीजी (पदव्युत्तर) नियमांत साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. कागदावर. फर्स्ट इयरला रात्रभर कॅज्युअल्टी (तातडीच्या पेशंटांचा विभाग) केल्यावरही सकाळचा राउंड, डिस्चार्ज कार्डं, रिपोर्टांमागची पळापळ सुटत नाही. घरचा फोन ‘नंतर करते’ म्हणून कापला की तो ‘नंतर’ उजाडतच नाही.

नवरा सर्जरीला, मी पेडियाट्रिक्सला (बालरोग). आम्ही को-रेसिडेंटांना मस्का लावून नाइट ड्युट्या एकाच वारी घ्यायचो. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मग दोघांची, घोरण्यात गेली तरी (त्याच्या). त्यामुळे साखरपुड्याआधी युनिटमधल्या सोबत्यांशी बोलून ठेवा, हॉलवाल्याशी नंतर. आणि थिसिस सबमिशनच्या महिन्यातला मुहूर्त, गुरुजी कितीही म्हणोत, धरू नका.