जकात, सदका, फित्रा, खैरात: अर्थ आणि वापर

प्रश्न (दापोली)
माझ्या हर्णैच्या मैत्रिणीकडे रमजानच्या शेवटच्या आठवड्यात 'यंदाची जकात काढून झाली', 'फित्रा अजून काढायचाय' अशी बोलणी चालतात. आपल्या कानाला जकात म्हणजे नाका, पावती आणि ट्रकांची रांग. शाळेच्या अंकातल्या लेखात मी 'जकात म्हणजे इस्लाममधला दानधर्म' असं लिहिलंय. चालेल का? आणि सदका, खैरात हे त्याचेच प्रतिशब्द का?

उत्तर (रत्नागिरी)
ताई, 'दानधर्म' तेवढा बदला. दान करतात, जकात काढतात. तुमच्या मैत्रिणीच्या तोंडचं क्रियापदच अर्थ सांगतंय. निसाब नावाची एक मर्यादा असते, साधारण ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी (काही जण चांदीवरून धरतात, मग ती बरीच खाली येते). तेवढी शिल्लक चांद्र वर्षभर आपल्याकडे राहिली की पैसा, सोनं-चांदी, दुकानातला विक्रीचा माल यांचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढायचा. तो हिस्सा आपला नव्हताच. कुराणात (५१:१९) सज्जनांविषयी म्हटलंय की त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक' असतो. हा हक म्हणजे आपल्या मराठीतला हक्कच. ज्याचं त्याला दिलं, त्यात उपकार कसला? म्हणून घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असं सांगायचंही बंधन नाही. गरजू बहिणीला किंवा भावाला ईदी म्हणून हातात ठेवली तरी जकात होते, देणाऱ्याच्या मनात नियत तेवढी हवी. आईवडील आणि मुलं यांना मात्र जकात चालत नाही, कारण त्यांना पोसणं हे तसंही आपलं कर्तव्यच.

अरबीत या शब्दाच्या मुळाशी दोन अर्थ आहेत: शुद्ध होणं आणि वाढणं. कुराणात (९:१०३) पैगंबरांना सांगितलंय की यांच्या मालातून सदका घ्या, त्याने हे शुद्ध होतील. शुद्ध होतो तो देणारा. पैसा साठत जातो तशी त्याला चिकटलेली हावही साठते, आणि दरवर्षी हिशेब मांडून ती थोडी खरवडून काढावी लागते. मला तरी या सगळ्याचा गाभा इथे दिसतो.

कुराणातल्या याच आयतीत (वचनात) 'सदका' शब्द जकातीसाठी आलाय. रोजच्या बोलण्यात मात्र सदका म्हणजे स्वखुशीने दिलेलं. त्याचं मूळ 'सिद्क', खरेपणा. त्याला निसाब नाही, टक्केवारी नाही. रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणं हा सदका, समोरच्याशी हसऱ्या चेहऱ्याने बोलणं हाही सदका, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. म्हणजे ज्याच्याकडे दमडी नाही त्यालाही देता येतं. पण तो फुकट जाऊ शकतो. दिलेलं बोलून दाखवलं, घेणाऱ्याचं मन दुखावलं, तर काय होतं ते कुराणाने (२:२६४) कातळाच्या उपमेने सांगितलंय: वर मातीचा पातळ थर, जोराचा पाऊस आला की खाली उघडा खडक. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, राहणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

उत्तर (चिपळूण)
नाक्यावरची जकात शब्दाने तीच. दिल्लीच्या सुलतानांच्या काळात व्यापारी मालावर मुसलमानांकडून अडीच आणि इतरांकडून पाच टक्के घेत, आणि त्यालाही जकातच म्हणत. फारसी दप्तरातून ती मराठीत आली. दाभोळ, राजापूरसारख्या बंदरांच्या मुलखात शब्द रुजायला वेळ लागला नसणार. मराठीत कर तेवढा उरला, शुद्धीचा अर्थ गळाला. मुंबईतली जकातही १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली.

'खैरात' तर आपण पार बिघडवला. 'खैर' म्हणजे भलं, त्याचं हे अनेकवचन: भलाईची कामं. मराठीत होते ती आश्वासनांची खैरात, गुणांची खैरात. ताई, लेखात हा शब्द वापरलात तर मूळ अर्थ सोबत द्याच, नाहीतर वाचणाऱ्याला उधळपट्टी वाटेल. जाता जाता: 'दानत' हा शब्दही दानातून आलेला नाही, तो अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी.

उत्तर (श्रीवर्धन)
फित्र्याचं कोणी लिहिलं नाही. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या बाळामागेसुद्धा, एक 'साअ' धान्य द्यायचं. साधारण अडीच किलो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई (शाफई आणि हनफी या इस्लामी आचारनियमांच्या दोन परंपरा), म्हणून आमच्यात गावाचं रोजचं धान्य मोजतात, म्हणजे तांदूळ. घाटावरचे हनफी गव्हाच्या हिशेबाने पैसेही देतात. रोजात जे वायफळ बोललं गेलं असेल त्याची भरपाई आणि गरिबाच्या घरी ईदचं जेवण, अशी दोन कारणं हदीसमध्ये दिली आहेत. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाफई मतात ईदच्या दिवसरात्रीपुरतं खाऊन ज्याच्याकडे उरतं, त्या प्रत्येकाने फित्रा द्यायचा, निसाब नाही. त्यामुळे सकाळी फित्रा घेणारं घर स्वतःचाही काढतं. त्या दिवशी नुसतं घेणारं असं घर फार थोडं राहतं.

प्रश्न (देवगड)
आणि हापूस? बागायतदाराला त्याची जकात लागते का?

उत्तर (रत्नागिरी)
शेतीच्या जकातीला 'उश्र' म्हणतात, म्हणजे दहावा हिस्सा. पावसावरच्या पिकाचा दहावा. खर्चाने पाणी दिलं असेल तर विसावा. शाफई मतात हे साठवून खाता येणाऱ्या धान्याला लागतं आणि फळांत फक्त खजूर नि द्राक्षांना. म्हणजे भाताला आहे, हापूसला नाही. आंबा विकून आलेला पैसा मात्र वर्षभर शिल्लक राहिला तर अडीच टक्क्यांत येतो. इमाम अबू हनीफांच्या मते फळांवरही उश्र आहे, म्हणून हनफी बागायतदार आंब्याचाही हिशेब मांडेल. भाताचंही पीक टरफल काढून साधारण साडेसहाशे किलो भरलं तरच शाफई मतात उश्र लागतो. त्याखाली जे द्याल तो सदका.